जिन्यावरचे हिमनग: एका चित्राचा सातबारा

जमीन घ्यायची म्हटलं की आपल्याकडे माणूस आधी सातबारा मागतो. शेत कितीही हिरवंगार असो, फेरफारात एखादी वारसनोंद राहून गेली असेल तर व्यवहार अडतो. जुन्या चित्रांच्या बाजारातही हेच चालतं. तिथे त्या कागदाला ‘प्रॉव्हनन्स’ म्हणतात. चित्र कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेलं, कधी, कसं आणि मधल्या काळात ते कुठे टांगलेलं होतं, याची ती ओळीने केलेली नोंद असते.

इथे तपासायचा सातबारा आहे फ्रेडरिक एडविन चर्च या अमेरिकन चित्रकाराच्या ‘द आइसबर्ग्ज’ या १८६१ सालच्या तैलचित्राचा. २५ ऑक्टोबर १९७९ रोजी न्यूयॉर्कमध्ये सदबीजच्या लिलावात ते विक्रीला आलं. चार मिनिटांच्या आत बोली २५ लाख डॉलरवर जाऊन थांबली. तोवर कुठल्याही अमेरिकन चित्राला लिलावात इतकी किंमत आली नव्हती. त्याआधीचा उच्चांक दहा लाख डॉलरच्याही आतला होता.

ही गोष्ट सहसा ‘हरवलेलं चित्र सापडलं’ अशी सांगितली जाते. मला ते पटत नाही. सव्वापाच फुटांहून उंच आणि नऊ फूट चार इंच रुंद चित्र हरवायचं कसं? ते शंभराहून जास्त वर्षं एकाच गावात होतं, आणि शेवटी शेवटी तर रोज पोरं चढत-उतरत होती अशा जिन्याजवळ. चित्र होतं तिथेच होतं. हरवले होते ते कागद, आणि ‘हे कोणाचं?’ असं विचारणारं माणूस.

वस्तू

आधी चित्राकडे नीट बघू. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये याला चार ओळी मिळतात, पण पुढचं सगळं प्रकरण या कॅनव्हासवर काय आहे आणि आधी काय नव्हतं, याभोवतीच फिरतं.

समोर बर्फाचा पसरट ओटा. मधे शांत पाणी, एखाद्या बंदरासारखं तीन बाजूंनी बर्फाने वेढलेलं. त्यामागे प्रचंड हिमनग, त्यावर दुपार कलल्यावरचा उजेड. पांढरा रंग असा फारसा नाहीच. पिवळसर, गुलाबी, जांभळट, राखाडी अशा छटांनी बर्फ उभा केलाय. उजवीकडे एक गुहा आहे, तिच्यातलं पाणी हिरवंनिळं झळाळतं. तिथेच वर एक तपकिरी दगड बर्फावर अडकून बसलाय आणि त्याच्याखाली गंजासारखा ओघळ उतरलाय. हिमनग कुठल्या तरी जमिनीवरून सुटून आला आणि येताना तिथला धोंडा घेऊन आला, ही एवढी गोष्ट तो दगड एकटा सांगतो. चर्चला भूगर्भशास्त्राची ओढ होती आणि ती अशा जागी दिसते.

आणि समोरच्या ओट्यावर, अगदी नजरेच्या वाटेत, गलबताची मोडलेली डोलकाठी. वर टेहळणीची टोपली अजून तशीच आहे. लाकूड आडवं असं पडलंय की क्रूसाचा भास व्हावा. संपूर्ण चित्रात माणसाची खूण म्हणावी तर एवढीच.

ही डोलकाठी लक्षात ठेवा. न्यूयॉर्कमध्ये चित्र पहिल्यांदा लोकांसमोर आलं तेव्हा ती नव्हती.

चित्रकार आणि ते वर्ष

चर्चचा जन्म १८२६ चा, कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डचा. हडसन नदीच्या खोऱ्यातली निसर्गचित्रं ज्याच्यापासून नावारूपाला आली त्या थॉमस कोलकडे तो दोन वर्षं शिकला. १८५९ च्या वसंतात न्यूयॉर्कमध्ये त्याने ‘हार्ट ऑफ द अँडीज’ हे अवाढव्य चित्र एकटंच मांडलं. खोलीत अंधार, चित्रावर उजेड, तिकीट २५ सेंट. लोक ऑपेरातल्या दुर्बिणी घेऊन आले, कारण एकेक पान पाहायचं होतं. तीन आठवड्यांत बारा हजारांहून जास्त तिकिटं गेली आणि चित्र दहा हजार डॉलरला विकलं गेलं. एका चित्राचं एक प्रदर्शन, तिकीट लावून, आणि शेवटी विक्री. सिनेमाच्या आधीचा सिनेमाच म्हणा. चर्चच्या घरखर्चाचा हिशेब यावर बसला होता.

त्याच उन्हाळ्यात तो मित्र रेव्हरंड लुई नोबल यांच्याबरोबर न्यूफाउंडलंड आणि लाब्राडोरच्या किनाऱ्याला गेला. ‘इंटिग्रिटी’ नावाचं दोन डोलकाठ्यांचं छोटं जहाज भाड्याने घेतलं. समुद्र लागायचा, पोटात ढवळायचं, तरी तो लहान होडीतून हिमनगांच्या जवळ जाऊन पेन्सिलीने आणि तेलरंगाने टिपणं करत राहिला. होडी वल्हवणारे घाबरायचे; हिमनग फिरला किंवा फुटला तर होडी कुठल्या कुठे. नोबल यांनी या सफरीवर पुस्तक लिहिलं आणि ते १८६१ मध्ये, चित्र तयार होण्याच्या सुमारास बाजारात आलं. आज याला आपण प्रमोशन म्हणू.

प्रॉव्हनन्सच्या दृष्टीने या सफरीची किंमत वेगळी आहे. ती टिपणं राहिली. चर्चच्या मुलाने १९१७ मध्ये वडिलांची दोन हजारांवर रेखाटनं आणि तैल-अभ्यास न्यूयॉर्कच्या कूपर युनियनच्या संग्रहालयाला दिले. त्यांत हिमनगही आहेत. मोठं चित्र दिसेनासं झालं तेव्हाही त्याचे कच्चे साक्षीदार न्यूयॉर्कमध्येच होते.

२४ एप्रिल १८६१

चित्र न्यूयॉर्कला गूपिल यांच्या गॅलरीत लागलं ते २४ एप्रिल १८६१ ला. तारखेकडे बघा. १२ एप्रिलला दक्षिणेच्या तोफांनी फोर्ट सम्टरवर मारा सुरू केला होता आणि अमेरिकेतलं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पेटलं होतं. १५ तारखेला लिंकनने ७५ हजार सैनिक मागितले. गावातली तरुण पोरं भरती होत होती आणि इथे २५ सेंटमध्ये बर्फ पाहायचं आमंत्रण होतं.

चर्चने काय केलं? चित्राचं नाव ठेवलं ‘द नॉर्थ’. उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश हा अर्थ आहेच, पण त्या आठवड्यात न्यूयॉर्कमध्ये ‘नॉर्थ’ म्हटलं की दुसरं काही कोणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. तिकिटाचं उत्पन्न त्याने युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या, सैनिकांसाठीच्या निधीला द्यायचं जाहीर केलं. देशप्रेम होतंच, थोडी व्यवहाराची समजही असणार. दोन्ही एकाच माणसात नांदू शकतात.

टीकाकारांनी कौतुक केलं. विकत मात्र कोणी घेतलं नाही. पुढच्या वर्षी ते बॉस्टनला लागलं, तिथेही नाही. ‘अँडीज’ने एका फटक्यात दहा हजार आणले होते आणि हे चित्र दोन शहरं हिंडून परत आलं.

कारण युद्ध, असं सरळ सांगता येतं आणि ते बहुतांशी खरंही असावं. पण माझ्या मते चित्रातच एक अडचण होती. ‘अँडीज’मध्ये क्रूसापाशी दोन माणसं आहेत, वाट आहे, गाव आहे, झाडं आहेत. बघणारा आत शिरून फिरू शकतो. हिमनगांत पाय ठेवायला जागा नाही. घराच्या दिवाणखान्यात नऊ फूट रिकामा बर्फ लावायचा, तो कोणी का लावावा?

डोलकाठी

१८६३ मध्ये चित्र लंडनला गेलं, न्यू बाँड स्ट्रीटवरच्या जर्मन गॅलरीत. जाण्यापूर्वी चर्चने दोन बदल केले. नाव बदलून ‘द आइसबर्ग्ज’ केलं, आणि समोरच्या ओट्यावर ती मोडकी डोलकाठी रंगवली. हे समजतं ते जुन्या वर्णनांवरून. न्यूयॉर्क आणि बॉस्टनमध्ये लोकांनी दगडाधोंड्यापर्यंत सगळं लिहून ठेवलंय, त्यात डोलकाठी कुठेच नाही. लंडनच्या वर्णनांत ती आहे.

नाव का बदललं हे समजायला फार डोकं लागत नाही. ब्रिटन अधिकृतपणे तटस्थ होतं, पण तिथे उत्तरेविषयी सगळ्यांनाच प्रेम होतं असं नाही. १८६१ च्या शेवटी तर ‘ट्रेंट’ जहाजाच्या प्रकरणावरून दोन्ही देश युद्धाच्या तोंडावर आले होते. ‘द नॉर्थ’ हे नाव तिथे फुकटचं ओझं झालं असतं.

डोलकाठीचं कारण जास्त खोल आहे. १८४५ मध्ये सर जॉन फ्रँकलिन १२९ माणसं आणि ‘एरेबस’ व ‘टेरर’ ही दोन जहाजं घेऊन वायव्य मार्ग, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेच्या बर्फातून पॅसिफिकला जाणारी वाट, शोधायला गेले आणि परतलेच नाहीत. ब्रिटनने वर्षानुवर्षं शोध घेतला. १८५४ मध्ये जॉन रे यांनी इनुइट लोकांकडून ऐकलेली माहिती आणली: शेवटी काहींनी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं. लंडनला ते सहन झालं नाही. मग लेडी फ्रँकलिन यांनी पाठवलेल्या ‘फॉक्स’ जहाजावरून लिओपोल्ड मॅक्लिंटॉक गेले आणि १८५९ मध्ये किंग विल्यम बेटावर दगडांच्या ढिगात सापडलेल्या चिठ्ठीची बातमी घेऊन आले: फ्रँकलिन ११ जून १८४७ लाच वारले होते. म्हणजे चर्च लाब्राडोरच्या पाण्यात चित्रं काढत होता त्याच उन्हाळ्यात ती चिठ्ठी लंडनकडे यायला निघाली होती.

लंडनच्या प्रदर्शनाला लेडी फ्रँकलिन आल्या. मॅक्लिंटॉक आले. रेही आले. ते दृश्य मला राहून राहून डोळ्यांपुढे येतं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी बर्फात नवरा गेलेली बाई, त्याच्या मृत्यूची बातमी आणणारा माणूस आणि तिला सर्वांत नको असलेली बातमी आणणारा दुसरा माणूस, एकाच गॅलरीत, त्या डोलकाठीसमोर. न्यूयॉर्कला जे रिकामं वाटलं होतं ते लंडनला थडगं झालं.

कोणी म्हणेल, ही गिऱ्हाइकासाठी केलेली तडजोड. म्हणा. पण मला वाटतं चित्राला जे कमी पडत होतं तेच चर्चने घातलं, आणि ते कमी आहे हे त्याला फसलेल्या विक्रीने दाखवलं. विकलं न गेलेलं चित्र चित्रकाराच्या हाती राहतं आणि त्यावर पुन्हा ब्रश फिरू शकतो. न्यूयॉर्कला पहिल्याच महिन्यात गिऱ्हाईक मिळालं असतं तर आज आपण वेगळं चित्र पाहिलं असतं. सातबाऱ्यावर न झालेल्या व्यवहाराची नोंद नसते. इथे मात्र तोच व्यवहार सर्वांत महत्त्वाचा ठरला.

खरेदीदार

लंडनच्या प्रदर्शनानंतर चित्र घेतलं एडवर्ड वॉटकिन यांनी. मँचेस्टरच्या कापूस-व्यापाऱ्याचा मुलगा, पुढे रेल्वेचा बडा माणूस आणि खासदार. इंग्लिश खाडीखालून फ्रान्सला बोगदा काढायचा ध्यास त्यांनी घेतला होता आणि १८८० च्या सुमाराला खोदायला सुरुवातही केली होती. वेंब्लीला आयफेल टॉवरपेक्षा उंच मनोरा बांधायला निघाले, तो पहिल्या टप्प्याच्या वर गेला नाही. कॅनडातल्या ग्रँड ट्रंक रेल्वेच्या कारभारात ते होते, त्यामुळे अटलांटिकचं उत्तरेकडचं पाणी त्यांना पाठ होतं. ज्याला मोठ्या आकाराची भीती वाटत नाही असा हा माणूस, त्याने हे चित्र घेतलं यात नवल नाही.

इथे एक धागा आपल्या बाजूला येतो, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या युद्धाने चर्चचं गिऱ्हाईक पळवलं त्याच युद्धाने अमेरिकेचा कापूस मँचेस्टरला पोचायचा थांबला आणि लँकेशरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. मग वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा कापूस चढ्या भावाने मुंबई बंदरातून निघाला. शेअर, समुद्रात भर घालून जमीन काढणाऱ्या कंपन्या, प्रेमचंद रायचंद, राजाबाई टॉवर हे सगळं त्या पैशाचं, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच बाजार बुडाला तोही त्याच कारणाने. चर्चचे हिमनग मँचेस्टरला चालले होते तेव्हा मुंबईचा कापूसही तिकडेच चालला होता.

वॉटकिन यांचं घर मँचेस्टरजवळ नॉर्थेंडन इथे होतं, नाव ‘रोझ हिल’. चित्र तिथे लागलं. १८६४ मध्ये त्यावरून रंगीत शिळाछाप निघाला आणि तो लोकांच्या भिंतींवर गेला. राजा रविवर्म्यांची मूळ चित्रं ज्यांनी कधी पाहिली नाहीत त्यांच्या घरीही लक्ष्मी-सरस्वती होत्या, तसंच हे. पुढे मूळ चित्राचा पत्ता लागेना तेव्हा अभ्यासकांना हिमनग ओळखीचे राहिले ते या छाप्यामुळे.

फेरफारातली फट

चर्च १९०० मध्ये वारला, वॉटकिन १९०१ मध्ये. इथून नोंदी विरळ होतात.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियमने १९०० मध्येच चर्चची स्मृतिचित्रं मांडली, त्यात हिमनग नव्हते. त्यानंतर चर्चच गेला अडगळीत. इंप्रेशनिस्ट आले, मॉडर्न आले. पानन्‌पान रंगवणारा माणूस जुनाट ठरला. त्याच्या चित्रांना कोणी विचारेना, मग एका इंग्रज गृहस्थाच्या घरातल्या चित्राला कोण विचारणार? पुढे रोझ हिल मँचेस्टर महापालिकेकडे आलं आणि कालांतराने तिथे मुलांचं रिमांड होम झालं. घराबरोबर चित्रही आलं, भिंतीसारखं. त्याची वेगळी खरेदी नाही, वेगळी विक्री नाही.

एखाद्या सल्लागाराने हा सातबारा बघितला तर त्याचं बोट इथेच थांबेल. कागद साधारण असा दिसतो: चित्रकार, त्याच्याकडून एडवर्ड वॉटकिन, रोझ हिल, त्यांच्या मृत्यूनंतर घरासह पुढे, मँचेस्टर महापालिका, लिलाव, १९७९. ‘घरासह पुढे’ या दोन शब्दांत काही दशकं बसलीत. इतर प्रकरणांत अशी फट घातक असते. युरोपातल्या चित्राच्या नोंदीत १९३३ ते १९४५ ही वर्षं कोरी असली तर शहाणा माणूस पुढे जातच नाही, कारण तिथे लुटीची शक्यता असते.

इथे फट भरून निघते ती घरामुळे. मालक बदलले, घराचा वापर बदलला, पण चित्र त्या घराशी जोडलेलंच राहिलं. शेताच्या बांधावरचं जुनं झाड जसं कागदापेक्षा पक्की साक्ष देतं, तसं ते घर. शिवाय बर्फावर सही आणि साल आहे, रचना छाप्याशी जुळते आणि टिपणं कूपर युनियनला दिलेल्या संग्रहात आहेत. एवढ्या बाजूंनी आधार असेल तर मधली कोरी वर्षं संशयाची राहत नाहीत.

ते बाहेर कसं आलं, यातली माझी आवडती गोष्ट छोटी आहे. १९६० च्या दशकात चर्चकडे पुन्हा लक्ष वळलं. डेव्हिड हंटिंग्टन या अभ्यासकाने त्याच्यावर लिहिलं आणि हडसनकाठचं त्याचं ‘ओलाना’ हे घर लिलावातून वाचवायला मोहीम काढली. १९६६ मध्ये न्यूयॉर्क राज्याने ते घेतलं. सत्तरच्या दशकात अमेरिकेत या हिमनगांच्या चित्राचा शोध चालू झाला. तिकडे नॉर्थेंडनला रिमांड होमच्या प्रमुख बाईंच्या मनात अगदी वेगळा विचार होता: हे थोरलं चित्र विकलं तर पोरांना डोंगरात हिंडायला एखादी जागा घेता येईल. त्यांच्या अपेक्षेतला आकडा काही हजारांचा होता. दोन बाजूंचे लोक एकमेकांचं नाव न ऐकता एकाच चित्राकडे चालत येत होते.

विक्री झाली ती महापालिकेच्या नावावर, कारण मालक ती. आकडा २५ लाख डॉलर झाल्यावर डोंगरातल्या जागेची गोष्ट साहजिकच मागे पडली असणार. मला अजूनही वाटतं, या संपूर्ण साखळीत चित्राकडे बघून ‘याचं काहीतरी करता येईल’ असं म्हणणारी वॉटकिननंतरची पहिली व्यक्ती ती बाई होती.

शेवटची नोंद

हा लिलाव वर्तमानपत्रांच्या उजेडात झाला. तारीख, रक्कम, जागा सगळं छापून आलं. एकच गोष्ट आली नाही: घेणाऱ्याचं नाव. चित्र डॅलसच्या म्युझियममध्ये लागलं, खाली अनामिक दात्याची भेट असं. १९०१ नंतरची वर्षं कोणी लक्ष दिलं नाही म्हणून कोरी राहिली. १९७९ ची ओळ मालकाने स्वतः कोरी ठेवली, आणि ती कित्येक वर्षं तशीच राहिली.

आता डॅलस म्युझियम ऑफ आर्टच्या पाटीवर नोर्मा आणि लामार हंट ही नावं आहेत. लामार हंट म्हणजे टेक्ससच्या तेलवाल्या घराण्यातला, अमेरिकन फुटबॉल लीगचा संस्थापक. भेट क्रमांक १९७९.२८. पाटी छोटी आहे, चित्राच्या उजव्या-डाव्या बाजूला कुठेतरी. लोक बहुधा ती न वाचता सरळ डोलकाठीपाशी जाऊन उभे राहतात.